म्हातारपणाची जाग

घरांतील वडील माणसांस रात्रीं झोप लागत नाहीं, ही गोष्ट आपल्याकडे तक्रार म्हणून सहसा कोणी मांडीत नाहीं, आणि मांडली तरी ती कोणी फारशी मनावर घेत नाहीं. गुडघा दुखूं लागला तर तेल चोळलें जातें, दृष्टि मंद झाली तर शहरांतील नेत्रवैद्याकडे खेप होते. परंतु झोप गेली तर ‘आतां वय झालें’ एवढ्या तीन शब्दांत प्रकरण मिटतें. वृद्धानेंहि हा निकाल मान्य केलेला असतो. तो पहाटे तीन वाजतां उठून बसतो, काळोखांत जपमाळ ओढतो, आणि घरांतील मंडळी त्याच्या जागेपणास भक्ति समजून पुन्हां कूस बदलतात. त्या जागेपणांत भक्ति किती आणि क्लेश किती, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. तो विचारण्याजोगा आहे, आणि फार प्राचीन काळापासून कोणी ना कोणी तो विचारीतहि आलेला आहे.

प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा वृत्तांत थोडक्यांत देण्याचा विचार आहे. अलीकडील पन्नास वर्षांत निद्रानाशावर गोळीवांचून, केवळ वर्तन व विचार यांत बदल घडवून, उपचार करण्याची एक पद्धति सिद्ध झाली. आणि गेल्या वीस-बावीस वर्षांत तीच पद्धति वैद्य शेंकडों कोस दूर असतां इंटरनेटच्या द्वारें रोग्याच्या घरीं पोंचूं लागली. ती कशी सिद्ध झाली, म्हाताऱ्या माणसांस ती कितपत लागू पडते, आणि लातूरसारख्या जिल्ह्यांतील घरांत तिला काय अडचणी आहेत, हें पाहावयाचें आहे. उदाहरणास लातूरच कां घेतलें, हें किल्लारीच्या प्रकरणापर्यंत आलें म्हणजे वाचकांच्या आपोआप ध्यानांत येईल.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जागरण आणि निद्रानाश या दोन भिन्न वस्तु आहेत. आपल्या आचारांत जागरणास मोठा मान आहे. कोजागरीची रात्र जागून काढावयाची, महाशिवरात्रीस जागर करावयाचा, एकादशीस भजनांत पहाट करावयाची. आणि तुळजापुरची भवानी ज्यांची कुलस्वामिनी, त्या घरीं तर लग्नकार्यानंतर गोंधळ्यांचा संबळ रात्रभर वाजल्यावांचून कार्य पुरें झालें असें वाटत नाहीं. जुन्या गांवगाड्यांत जागणें हा एक हुद्दाच होता. गांवाची राखण करणाऱ्यास ‘जागल्या’ म्हणत. परंतु या सर्व जागण्यांत एक लक्षण समान आहे. तेथें माणूस झोपेस स्वतः होऊन दूर सारतो. त्यानें मनांत आणलें तर तो झोपूं शकतो. निद्रानाशांत याच्या अगदीं उलट स्थिति असते. झोपेस वेळ आहे, जागा आहे, इच्छा तर फारच आहे, आणि तरीहि ती येत नाहीं. आली तर टिकत नाहीं, किंवा अवेळीं मोडते. आणि दुसऱ्या दिवशीं अंगांत व डोक्यांत त्याचा जाच राहतो. असें आठवड्यांतून निदान तीन रात्रीं होऊन तें तीन महिने चाललें, म्हणजे आजचें वैद्यक त्यास जुनाट निद्रानाश म्हणतें. या व्याख्येंत किती तास झोप मिळाली याचा आकडा नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

निद्राहीन वृद्धाची आपल्या वाङ्मयांतील प्रसिद्ध कथा महाभारताच्या उद्योगपर्वांत आहे. तेथील एका उपपर्वाचें नांवच ‘प्रजागर’ असें आहे. पांडवांकडून परत आलेला संजय आपला निरोप उद्यां सभेंत सांगेन असें म्हणून, जातां जातां राजास चार कठोर शब्द ऐकवून निघून जातो, आणि धृतराष्ट्रास रात्रीं झोप येईनाशी होते. तो वैद्यास बोलावीत नाहीं, विदुरास बोलावतो. विदुर येऊन प्रथम निदान करितो. बलवानाशीं ज्याचें वैर पडलें, ज्याचें धन गेलें, जो कामानें ग्रासला, जो चोर आहे, अशांची झोप उडते. यांपैकीं तुला काय झालें आहे, असें तो राजास विचारतो. पुढें रात्रभर जें संभाषण चालतें, तेंच विदुरनीति म्हणून प्रसिद्ध आहे. निद्रानाशाचें मूळ चित्तांत शोधावें, आणि तेथवर शब्दांनीं पोंचावें, ही कल्पना या कथेंत स्पष्ट आहे. उपचार मात्र साधला नाहीं. पांडवांचा वाटा देण्याची बुद्धि राजास झाली नाहीं, म्हणून कारण जागच्या जागीं राहिलें. विदुराचें बोलणें ऐकून त्यास बरें वाटलें. पण वागणें बदललें नाहीं. विचार पटणें आणि वर्तन पालटणें यांतील हें अंतर पुढें विसाव्या शतकांतील शास्त्रज्ञांनाहि पुन्हां भेटणार होतें.

आयुर्वेदानें या विषयाकडे अधिक व्यवहारी दृष्टीनें पाहिलें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत शरीररूपी घरास टेकू देणारे तीन उपस्तंभ सांगितले आहेत, आणि त्यांत आहाराच्या जोडीस निद्रेस बसविलें आहे. त्याच स्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत निद्रेचा सविस्तर विचार आला आहे. झोप नाहींशी होण्याचीं जीं कारणें तेथें दिलीं आहेत, त्यांत कार्यव्यग्रता, रोग, प्रकृति व वायु यांच्या बरोबर काल हेंहि एक कारण असून, त्याचा अर्थ वयोमान असा करण्यांत येतो. उपायांत अभ्यंग, स्नान, दूध, अंग रगडणें, मनास रुचणारे गंध व शब्द, नीट घातलेलें अंथरूण, सुखाचें घर आणि झोपेची नेहमींची वेळ यांची गणना आहे. या यादींतील शेवटचीं तीन पदें विशेष महत्त्वाचीं आहेत: अंथरूण, घर आणि वेळ. दिवसाच्या झोपेस चरकानें एरवीं मनाई केली असली, तरी वृद्धास त्यानें ती मुभा दिली आहे. आजच्या वर्तनोपचाराचें धोरण येथें थोडें निराळें आहे. दुपारची डुलकी फारच हवी असेल तर ती लहान व दुपारीं लवकर घ्यावी, रात्रीची झोप दिवसा उधळूं नये, असें तें सांगतें. दोहोंत विरोध दिसतो, पण तो पाहावा तितका मोठा नाहीं. चरक दुर्बल देहास विसांवा देऊं पाहतो. वर्तनोपचार रात्रीची भूक राखूं पाहतो.

यानंतरचें युग गोळीचें. १९०३ मध्यें जर्मनींत एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनीं बार्बिटाल या औषधाचा निद्राजनक गुण प्रसिद्ध केला, आणि व्हेरोनाल या नांवानें तें जगाच्या बाजारांत आलें. पुढील अर्धशतक याच वर्गांतील औषधांचें होतें. त्यांनीं झोप आणली, पण त्यांची मात्रा थोडी चुकली तर ती झोप कायमची होई, आणि संवय लागली म्हणजे सुटत नसे. १९६० मध्यें लियो स्टर्नबाख याच्या प्रयोगशाळेंतून निघालेलें लिब्रियम बाजारांत आलें व बेंझोडायझेपीन वर्गाचा प्रारंभ झाला. हीं औषधें पूर्वींच्या मानानें पुष्कळ सुरक्षित होतीं, म्हणूनच तीं घरोघर शिरलीं. त्यांचा खरा हिशेब म्हाताऱ्यांच्या बाबतींत कळला. वृद्ध शरीर हीं औषधें हळूहळू बाहेर टाकतें. त्यामुळें रात्रीं घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळींहि उरतो. मध्यरात्रीं लघवीस उठलेला माणूस झोंकांडी खाऊन पडतो, खुब्याचें हाड मोडतें, आणि पुष्कळांच्या बाबतींत तेथूनच पराधीनतेस प्रारंभ होतो. १९९१ मध्यें अमेरिकेंत मार्क बियर्स या वैद्यानें वृद्धांस शक्यतों देऊं नयेत अशा औषधांची यादी तयार केली, आणि तिच्या पुढील आवृत्त्यांत हीं झोपेचीं औषधें ठळकपणें आलीं. कायद्यानें हीं औषधें वैद्याच्या चिठ्ठीवांचून मिळावयाचीं नाहींत. तथापि एकदां लिहून दिलेली चिठ्ठी वर्षानुवर्षें उशाखालीं जपून ठेवण्याची रीत आपल्या घरांस अपरिचित नाहीं.

गोळीचें राज्य असें ऐन भरांत असतांनाच, १९७२ मध्यें, रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें एक साधा, जवळजवळ बाळबोध वाटणारा विचार पुढें मांडला. झोप ही शिकलेल्या खुणांवर येते. ज्यास चांगली झोप लागते त्यास अंथरूण दिसतांच जांभई येते, कारण अंथरूण आणि झोप यांची सांगड त्याच्या देहानें सहस्र रात्रींत घातलेली असते. निद्रानाश झालेला माणूस त्याच अंथरुणावर रात्रीमागून रात्री कूस बदलतो, हिशेब करितो, चिंता करितो, घड्याळ पाहतो; आणि कालांतरानें अंथरूण हीच जागें होण्याची खूण होऊन बसते. ओसरीवर बसल्या बसल्या पेंगणारे आजोबा खाटेवर आडवे होतांच टक्क जागे कां होतात, याचा उलगडा या एका वाक्यांत आहे. मग उपाय काय? अंथरुणास पुन्हां झोप शिकवावयाची. पेंग आल्यावांचून आडवें व्हावयाचें नाहीं. झोप येत नाहीं असें दिसतांच उठून दुसरीकडे जाऊन बसावयाचें. पेंग आली म्हणजे परत यावयाचें. अंथरुणावर जेवण, वाचन, गप्पा, चिंता कांहीं नाहीं. आणि रात्र कशीहि गेली तरी सकाळीं ठरलेल्या वेळींच उठावयाचें.

१९८७ मध्यें आर्थर स्पीलमन व त्याचे सहकारी यांनीं या पद्धतीस दुसरी जोड दिली. समजा, एक आजोबा रात्रीं आठ वाजतां आडवे होतात व पहाटे पांचास उठतात. नऊ तास अंथरुणांत गेले. एक-दोन आठवडे रोजनिशी ठेवून पाहिलें तर प्रत्यक्ष झोप सहा तासच भरते. म्हणजे शेंकडा सदुसष्ट. उरलेले तीन तास तुकड्यातुकड्यांनीं रात्रभर पसरलेले असतात, आणि त्यांचीच आठवण सकाळीं ‘रात्रभर डोळा लागला नाहीं’ या रूपानें उरते. स्पीलमननें सुचविलें, कीं अंथरुणांतील वेळच सहा तासांवर आणावी: अकरास निजावें, पांचास उठावें. पहिले आठ-दहा दिवस जड जातात, पण झोप सलग होऊं लागते. आणि ती शेंकडा पंच्याऐंशींच्या आसपास आली म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांनीं वेळ वाढवीत न्यावी. वृद्धांच्या बाबतींत ही काटछांट एकदम न करितां हळूहळू करितात, कारण दिवसा पेंग येऊन पडण्याचें भय असतें. ज्यास अपस्मार आहे, ज्यास उन्मादाचे झटके येतात, किंवा झोपेंत मोठ्यानें घोरतांना ज्याचा श्वास अडतो, त्यानें वैद्यास विचारल्यावांचून हा प्रयोग करूं नये. चालूं असलेली गोळीहि आपल्या मनानें एकाएकीं बंद करूं नये.

या दोन विधींस चिंतेचें खंडन, स्नायु सैल सोडण्याचा अभ्यास आणि झोपेविषयींच्या चुकीच्या समजुतींची दुरुस्ती यांची जोड देऊन जो सहा-आठ आठवड्यांचा उपचार तयार झाला, त्याचें सांगोपांग विवेचन करणारा चार्ल्स मोरिन याचा ग्रंथ १९९३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच मोरिननें १९९९ मध्यें केवळ वृद्धांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. अठ्ठ्याहत्तर निद्राहीन माणसें घेऊन त्यानें कांहींस गोळी, कांहींस वर्तनोपचार, कांहींस दोन्ही आणि कांहींस नुसती दिखाऊ गोळी दिली. प्रारंभीं गोळी आणि वर्तनोपचार दोहोंनींहि गुण आला. परंतु पुढें कालांतरानें पाहतां, केवळ वर्तनोपचार घेतलेल्यांचा गुण अधिक टिकून होता. म्हातारपणीं नवीन संवय लागत नाहीं, या लोकसमजुतीस हें मोठेंच उत्तर होतें. वार्धक्यांत गाढ झोपेचा भाग घटतो, जाग अधिक वेळां येते, आणि देहाचें घड्याळ थोडें पुढें सरतें, हें खरें आहे. परंतु झोपेची गरज फारशी कमी होत नाहीं. पासष्टीनंतरहि सात-आठ तास झोप योग्य, असें तज्ज्ञ मानतात. म्हणजे हलकी झोप हा वयाचा धर्म, पण रात्रीचा जाच हा वयाचा धर्म नव्हे.

ज्या वर्षीं मोरिनचा ग्रंथ निघाला, त्याच वर्षीं लातूर जिल्ह्यांत असें कांहीं घडलें, कीं अंथरूण व झोप यांची सांगड एका क्षणांत कशी तुटते, याचें त्याहून भयंकर उदाहरण कल्पनेंतहि आणवणार नाहीं.

२९ सप्टेंबर १९९३ रोजीं अनंतचतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून लोक उशिरां घरीं परतले आणि थकून झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास औसा तालुक्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. आकड्यानें पाहतां जगांतील अतिप्रचंड भूकंपांत त्याची गणना होत नाहीं. तरीहि लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें गेलीं. याचें कारण घरांत होतें. दगड व माती यांच्या जाड भिंती, वर लांकडी तुळया, आणि त्यांवर पिढ्यानुपिढ्या चढविलेले मातीचे थर, असें हें मराठवाड्यांतील माळवद. उन्हाळ्यांत गारवा आणि हिवाळ्यांत ऊब देणारें, बापजाद्यांनीं बांधलेलें तें छप्पर, झोपलेल्या माणसांवर आलें. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपहि पहाटेचाच होता. पण त्या वेळीं इतकी प्राणहानि झाली नव्हती. पुढें बावन्न गांवें नवीन जागीं वसविण्यांत आलीं.

त्या पहाटेपर्यंत छप्पर म्हणजे आसरा होता. त्या पहाटेनंतर छप्पर म्हणजे झोपेंत गांठणारा वैरी झाला. दगडी घरांत निजण्याची भीति पुष्कळांच्या मनांत दीर्घकाळ राहिली. पत्र्याची शेड उन्हांत भाजून काढी, पण रात्रीं निदान जीव घेणार नाहीं, एवढा तिचा विश्वास वाटे. भूकंपांतून वांचलेल्यांच्या मनःस्थितीची एक छोटी पाहणी १९९६ मध्यें अमेरिकेंतील एका मनोवैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. पाहिलेल्या माणसांपैकीं निम्म्याहून अधिकांस कोणता ना कोणता मनोविकार जडल्याचें तींत आढळलें. मुख्यतः आघातोत्तर भयविकार आणि खिन्नता. या दोन्ही विकारांत झोप मोडणें हें ठळक लक्षण आहे.

स्पीलमननें निद्रानाशाचीं कारणें तीन प्रकारचीं सांगितलीं आहेत. त्यांस आपण पूर्वकारण, निमित्तकारण आणि पोषककारण म्हणूं. माणसाची मूळची हळवी प्रकृति हें पूर्वकारण. एखादा आघात, आजार, मृत्यु हें निमित्त. आणि झोप गेल्यावर ती परत मिळविण्यासाठीं माणूस जे उपाय करितो, तेच बहुधा पोषककारण होतात. झोप भरून काढण्यासाठीं तो लवकर आडवा होतो, उशिरां उठतो, दुपारीं दोन तास निजतो, चारचे ठोके पडण्याच्या आधींच डोळे उघडून वाट पाहतो. अशानें निमित्त जुनें होऊन गेलें तरी निद्रानाश नवाच राहतो. किल्लारीच्या बाबतींत हें विवेचन फार जपून लावलें पाहिजे. ज्याचें लेंकरूं त्या मातीखालीं गेलें, त्याच्या रात्रीच्या जागेपणास ‘संवय’ म्हणणें ही क्रूरता होईल. शोकास औषध नाहीं, आणि भयविकारास स्वतंत्र व अधिक सखोल उपचार लागतो. परंतु शोक आणि निद्रानाश हीं दोन ओझीं आहेत, आणि त्यांपैकीं एक उतरवितां येण्याजोगें आहे, एवढें सांगणें ही क्रूरता नव्हे. भूकंप झाला तो न झाला करितां येत नाहीं. त्यानंतर अंथरुणास लागलेलें वळण पालटतां येतें. त्या पहाटे जे तिशी-चाळिशींत होते, ते आज साठी-सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या जागेपणास ‘आतां वय झालें’ म्हणून मोकळें होणें हा त्यांच्या वयाचाहि अपमान आहे आणि त्यांच्या इतिहासाचाहि.

उपचार असा हातीं आला, पण तो जाणणारे हात थोडे. सहा-आठ बैठकी देऊन हें सर्व शिकविणारा तज्ज्ञ मोठ्या शहरांत भेटतो. लातुराहून पुणें सुमारें सव्वातीनशें किलोमीटर, आणि गुडघ्यांनीं त्रासलेल्या माणसानें दर आठवड्यास तेवढा प्रवास करावा हें संभवत नाहीं. ही अडचण केवळ आपलीच नव्हती. स्वीडनमध्यें २००४ साली या उपचाराचे पाठ इंटरनेटवरून देण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. २००९ मध्यें अमेरिकेंत रिटरबँड व त्याचे सहकारी यांनीं, आणि २०१२ मध्यें ब्रिटनमध्यें कॉलिन एस्पी व त्याचे सहकारी यांनीं, रोग्यानें रोज आपली निद्रेची रोजनिशी भरावी आणि यंत्रानें तिच्या आधारें पुढील आठवड्याची वेळ ठरवून द्यावी, अशी व्यवस्था पारखून पाहिली; दोन्हीकडे गुण दिसला. २०१६ मध्यें अमेरिकेंतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेनें, जुनाट निद्रानाशांत प्रथम हा वर्तनोपचार द्यावा व गोळीचा विचार मागाहून करावा, अशी शिफारस केली. २०२० मध्यें तेथील औषधनियंत्रक खात्यानें अशा एका मोबाइलवरील उपचारास वैद्याच्या चिठ्ठीनें देण्याजोगा म्हणून संमति दिली, आणि २०२२ मध्यें ब्रिटनमधील आरोग्यसंस्थेनें एस्पीच्या पद्धतीची शिफारस केली. या विजयाच्या यादींत एक प्रतिकूल नोंदहि केली पाहिजे. ज्या अमेरिकन कंपनीच्या उपचारास २०२० मध्यें संमति मिळाली होती, ती २०२३ मध्यें दिवाळखोरींत निघाली. पद्धति खरी असली, तरी ती विकणारें दुकान टिकतेंच असें नाहीं. म्हणून रोग्यानें दुकानापेक्षां पद्धतीची ओळख करून घ्यावी, हा यांतील धडा.

आपल्या देशांत मार्च २०२० मध्यें दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यास रीतसर नियमावली मिळाली. सरकारची ई-संजीवनी ही सेवा त्याच सुमारास घरबसल्या सल्ला देऊं लागली. आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजीं टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा सुरू झाली. तिच्या १४४१६ या क्रमांकावर मराठींतहि बोलतां येतें. म्हणजे रस्ता बांधलेला आहे. त्या रस्त्यानें वर्तनोपचार लातूरच्या घरांत उतरावयाचा, तर कांहीं गोष्टींचा विचार आधीं केला पाहिजे; कारण हा उपचार ज्या घरांसाठीं रचला गेला, तें घर आपलें नव्हे.

पाश्चात्य घरांत निजावयाची खोली वेगळी असते. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची खाट म्हणजे त्याचें सारें जग असतें. तिच्यावर तो निजतो, जेवतो, वर्तमानपत्र वाचतो, आल्यागेल्याशीं बोलतो, औषधाचा डबा तिच्याच उशाशीं ठेवतो. अंथरूण झोपेसाठींच राखावें, हा नियम त्यास जसाच्या तसा सांगणें म्हणजे त्याचें घरच काढून घेण्यासारखें आहे. दिवसा गादी गुंडाळून ठेवावी, खाटेवर नुसती सतरंजी असावी, आणि बसण्यास एक वेगळी खुर्ची द्यावी. एवढ्यानें नियमाचा अर्थ साधतो. रात्रीं दोन वाजतां उठून दुसरीकडे जाऊन बसावें, म्हणजे कोठें? स्वयंपाकघरांत दिवा लावला तर सून जागी होते; ओसरीवर गेलें तर मुलगा विचारपूस करूं लागतो; आणि घरास जाग येऊं नये म्हणून वृद्ध अंथरुणांतच पडून राहतो. त्याच्या निद्रानाशाचें पोषण पुष्कळदां अशा भिडेनें होत असतें. रात्रीं एक मंद दिवा व एक खुर्ची त्याच्यासाठीं ठेवलेली असावी, आणि तो तेथें बसला तर कोणी ‘काय झालें’ म्हणून धावत येऊं नये, हा घरानें करावयाचा भाग आहे.

वेळेचा हिशेबहि आपल्या घरांत निराळा लागतो. खेड्यांत सातास जेवण आटोपून आठास निजणारा माणूस तीनला जागा झाला, तर त्याची सात तास झोप झालेली असते. त्याचें दुखणें झोपेचें नसून वेळापत्रकाचें आहे. तो दहास निजला तर कदाचित् काकडआरतीच्या वेळेसच जागा होईल. उलट, ज्यास पाय सारखे हलवावेसे वाटतात, लघवीस चार वेळां उठावें लागतें, किंवा ज्याचा उत्साह महिनोन् महिने मावळलेला आहे, त्याचें कारण दुसरीकडे आहे. तेथें प्रथम वैद्य, मग रोजनिशी.

सर्वांत मोठा पेंच उपकरणाचा आहे. ज्या मोबाइलवर हा उपचार यावयाचा, तोच मोबाइल रात्रीं उशाशीं उजेड पाडून झोप पळवितो. आणि पुष्कळ घरांत तो आजोबांचा नसून नातवाचा असतो. अक्षरें बारीक, भाषा परकी, आणि प्रश्न असे कीं उत्तर देण्याआधीं चष्मा शोधावा लागावा. म्हणून रोजनिशी कागदाच्या वहींतच असावी हें बरें: केव्हां आडवे झालों, अदमासें केव्हां झोप लागली, किती वेळां जाग आली, केव्हां उठलों. घड्याळ पाहून मिनिटें मोजावयाचीं नाहींत. सकाळीं आठवेल तें लिहावयाचें. नातवानें ती वही आठवड्यांतून एकदां यंत्रांत उतरवावी, आणि पलीकडील सल्लागारानें फोनवर मराठींत, शक्य तर मराठवाडी वळणाच्या मराठींत, पुढील आठवड्याची वेळ समजावून सांगावी. असें कोणी माणूस मधून मधून विचारपूस करीत असलें, म्हणजे लोक उपचार अर्ध्यावर सोडीत नाहींत, असा या प्रयोगांचाहि सर्वसाधारण अनुभव आहे.

लातूरच्या शाळा-महाविद्यालयांचें नांव महाराष्ट्रभर आहे. येथील मुलें शिकून पुण्या-मुंबईस व त्याहिपलीकडे गेलीं, आणि मागें घरांत दोन म्हातारीं माणसें उरलीं, असें दृश्य आतां अनेक गल्ल्यांत दिसतें. अशा घरीं दूरचा मुलगा दर रविवारीं फोन करितो आणि ‘जेवलांत का, औषध घेतलें का’ असें विचारतो. त्यांत ‘रात्र कशी गेली’ हा एक प्रश्न वाढविण्यास कांहीं खर्च येत नाहीं. धृतराष्ट्रास निदान एवढें सुख होतें, कीं मध्यरात्रीं बोलावणें धाडलें तेव्हां विदुर आला, आणि उपदेश करण्याआधीं त्यानें झोप कशानें गेली हें विचारलें. दुरून येणाऱ्या या नव्या उपचारांत यंत्र कोणतेंहि असो. त्याच्या पलीकडल्या टोकास तो प्रश्न विचारणारें कोणी असलें पाहिजे, आणि अलीकडल्या टोकास, त्या खुर्चीजवळ, दिवा बारीक करून ठेवणारें कोणी असलें पाहिजे.